अनुबोधपटाचें सोंग



चित्रपटांचे जे नाना प्रकार आज प्रचारांत आहेत, त्यांत एक प्रकार असा आहे कीं, तो मुळांत कल्पित कथा असून सत्यवृत्ताचा पोशाख अंगावर चढवून प्रेक्षकांपुढें येतो. त्यांत निवेदकाचा गंभीर आवाज असतो, तज्ज्ञांच्या मुलाखती असतात, जुनीं छायाचित्रें व वर्तमानपत्रांचीं कात्रणें असतात. मात्र ज्या घटनेविषयीं हें सर्व चाललेलें असतें, ती घटना कधींच घडलेली नसते. इंग्रजींत या प्रकारास ‘मॉक्युमेंटरी’ असें नांव आहे. ‘डॉक्युमेंटरी’ म्हणजे अनुबोधपट आणि ‘मॉक’ म्हणजे लटका. या दोहोंची ती सांगड. मराठींत आपण त्यास ‘सोंगपट’ म्हणूं.

चित्रपटकलेचें शिक्षण घेणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांना आपल्या अभ्यासक्रमासाठीं असा एक लहानसा सोंगपट तयार करावयाचा होता. या प्रकाराची पूर्वपीठिका काय व त्याचें तंत्र कोणतें, हें त्यांनीं मला विचारलें. मी इतिहास शिकविणारा शाळामास्तर. यंत्रांतलें मला फारसें कळत नाहीं. परंतु पुरावा कशास म्हणावें, तो खरा कशावरून आणि खोटा कशावरून, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकापुढें नेहमींच उभा असतो. त्या दृष्टीनें मी जी माहिती जुळविली, ती आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम हें सोंग कोणत्या जातीचें, तें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे गांवोगांव फिरणारा बहुरूपी सर्वांच्या ओळखीचा आहे. तो फौजदाराचा वेष करून दारांत उभा राहतो, खिशांतून कागद काढून वॉरंट वाचून दाखवितो, घरधन्याची क्षणभर गाळण उडते, मुलें आईच्या पदराआड लपतात. आणि मग तो हंसून मुजरा करतो व बिदागी मागतो. त्या मुजऱ्यांत त्याच्या धंद्याचें सारें इमान आहे. याच्या उलट उदाहरण आपल्या इतिहासांत सांपडतें. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढें ‘मीच भाऊसाहेब’ असें म्हणत एक तोतया उभा राहिला, पुष्कळ लोक त्याच्या नादीं लागले, आणि १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा होईपर्यंत पुणें दरबारास स्वस्थता लाभली नाहीं. बहुरूपी आणि तोतया दोघेही सोंगच घेतात, आणि कौशल्यांत तोतया कदाचित् वरचढही ठरेल. परंतु एकजण शेवटीं मुजरा करतो व दुसरा करीत नाहीं. सोंगपटाचा इतिहास वाचतांना हा भेद मनांत ठेवला, म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

ल्युमिएर बंधूंनीं पॅरिस शहरांत तिकीट लावून चित्रपटाचा पहिला खेळ केला, तो २८ डिसेंबर १८९५ या दिवशीं. पुढल्याच वर्षीं, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत त्यांचीं चित्रें दाखविण्यांत आलीं. या नव्या कलेस पुरतीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच तिच्यांत सोंग शिरलें. १८९८ सालीं अमेरिका व स्पेन यांच्यांत युद्ध जुंपलें, आणि ३ जुलै रोजीं क्यूबांतील सँटिआगो बंदराबाहेर स्पॅनिश आरमाराचा निकाल लागला. ती लढाई पाहण्याची अमेरिकन लोकांस उत्कंठा लागली. पण लढाईचें चित्र कोणाजवळ होतें? न्यूयॉर्कमधील ब्लॅकटन व स्मिथ या दोन तरुण भागीदारांनीं जहाजांचीं छायाचित्रें कातरलीं, तीं पाण्याच्या उथळ पात्रांत उभीं केलीं, चिमूट चिमूट दारू पेटवून तोफांचे बार उडविले, आणि धुरासाठीं ब्लॅकटनची पत्नी व कचेरींतील पोऱ्या यांस सिगारेट व चिरूट फुंकावयास बसविलें. ही हकीगत स्मिथ यानेंच आपल्या आठवणींत पुढें सांगितली आहे. त्या काळची भिंगें ओबडधोबड व चित्र धूसर. त्या धूसरपणानेंच हें सोंग पचविलें.

त्याच सुमारास आपल्या मुंबईंत काय चाललें होतें, तेंही पाहण्यासारखें आहे. १८९९ सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं हँगिंग गार्डनवर झालेल्या कुस्तीची चित्रफीत घेतली. आणि केंब्रिजची परीक्षा गाजवून १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे मुंबईस परतले, तेव्हां त्यांच्या स्वागताचेंही चित्र घेतलें. सावे दादांचे पहिलवान खरे होते, त्यांचा घाम खरा होता. पण पांढऱ्या पडद्यावर पडल्यानंतर त्या कुस्तीमध्यें आणि पात्रांतल्या त्या आरमारामध्यें भेद सांगणारी कोणती खूण राहिली? पडदा स्वतः कांहीं सांगत नाहीं. चित्रासोबत जो शब्द येतो, जी जाहिरात येते, दाखविणाऱ्याचा जो लौकिक असतो, त्यांवर प्रेक्षक विसंबतो. सोंगपटाच्या साऱ्या तंत्राचें मूळ या एका गोष्टींत आहे.

मुजऱ्याचें पहिलें चांगलें उदाहरण १९०२ सालचें. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून रोजीं व्हावयाचा होता. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आंत समारंभाचें चित्र घेणें शक्य नव्हतें. म्हणून चार्ल्स अर्बन नामक व्यापाऱ्यानें फ्रान्समधील प्रख्यात जादूगार-चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यास तो समारंभ आधींच रचून चित्रित करण्याचें काम दिलें. मेलिएसनें लंडनला जाऊन ती वास्तु न्याहाळली, पॅरिसजवळच्या माँत्र्यई येथें तिचा देखावा उभारला, आणि धुलाईघरांत काम करणारा एक मनुष्य तोंडवळ्यानें राजासारखा दिसला म्हणून त्यासच सिंहासनावर बसविलें. मध्यंतरीं राजेसाहेबांस आंत्रपुच्छाचा विकार जडून समारंभ पुढें ढकलला गेला व तो ९ ऑगस्ट रोजीं झाला. त्याच दिवशीं हें चित्र लंडनमध्यें झळकलें. आजारामुळें खऱ्या समारंभांतील कांहीं विधि गाळावे लागले होते. चित्रांत मात्र ते होते. म्हणजे नक्कल असलापेक्षां अधिक पूर्ण ठरली! परंतु ही रचलेली प्रतिकृति आहे, हें मालकांनीं लपविलें नव्हतें. म्हणून मेलिएसला कोणी तोतया म्हटलें नाहीं.

येथें अनुबोधपटाची बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचें सोंग घ्यावयाचें, तें सत्य तरी कितपत निर्भेळ होतें? ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा रॉबर्ट फ्लॅहर्टीचा १९२२ सालचा चित्रपट अनुबोधपटांचा पूर्वज मानतात. कॅनडाच्या उत्तरेकडील हिमप्रदेशांतल्या एका इनुइट शिकाऱ्याचें जीवन त्यांत दाखविलें आहे. परंतु त्या शिकाऱ्याचें खरें नांव नॅनूक नव्हतें, अल्लाकारिअल्लाक होतें. चित्रांतली त्याची बायको त्याची बायको नव्हती. त्या लोकांच्या हातीं बंदुका आल्या होत्या, तरी फ्लॅहर्टीनें भाल्यानें शिकार करविली. आणि बर्फाच्या घरांत उजेड व यंत्र यांस जागा पाहिजे म्हणून अर्धें घर उघडेंच ठेवलें. फ्लॅहर्टीच्याच पुढल्या चित्रपटावर लिहितांना जॉन ग्रिअर्सन यानें १९२६ सालीं ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला, आणि तो रूढ झाला. म्हणजे ज्या घराण्यास सत्याचें नांव मिळालें, त्या घराण्यांतही रचना पहिल्यापासून होतीच. लुई बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकानें १९३३ सालीं स्पेनमधील लास हुर्देस या दरिद्री प्रदेशाचें चित्र काढलें, तेव्हां त्यानें या घराण्याच्या वर्मावरच बोट ठेवलें. अत्यंत करुण दृश्यांवर अत्यंत थंड निवेदन. आणि कड्यावरून बकरी आपण होऊन पडते, असें निवेदक सांगत असतांना पडद्याच्या कडेस बंदुकीचा धूर स्पष्ट दिसतो! डोळ्यांपुढील चित्र आणि कानांवरील शब्द यांत अंतर पाडून प्रेक्षकास जागें करण्याची युक्ति पुढें अनेकांनीं उचलली.

आतां नभोवाणीकडे वळूं. कारण या सोंगास खरें बळ आलें, तें आपण ज्या माध्यमांतून भेटत आहोंत त्याच माध्यमांत. १६ जानेवारी १९२६ रोजीं रोनाल्ड नॉक्स या कॅथॉलिक धर्मगुरूनें एडिंबरोहून बी. बी. सी. वर एक विनोदी भाषण केलें. साहित्यावरील रटाळ व्याख्यान मध्येंच थांबतें, आणि लंडनमध्यें दंगा माजल्याच्या वार्ता येऊं लागतात: बिग बेनचा मनोरा पाडला, सॅव्हॉय हॉटेल उडविलें, एका मंत्र्यास दिव्याच्या खांबाला लटकविलें. हा विनोद आहे असें प्रारंभीं सांगितलें होतें. परंतु ज्यांनीं यंत्र उशिरां लावलें, त्यांपैकीं पुष्कळजण घाबरले. त्यांत बर्फ पडल्यामुळें कित्येक ठिकाणीं वर्तमानपत्रें वेळेवर पोंचलीं नाहींत, आणि भीति अधिकच बळावली.

बारा वर्षांनीं, ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं, अमेरिकेंत ऑर्सन वेल्स यानें हेंच तंत्र पराकाष्ठेस नेलें. एच. जी. वेल्स यांच्या मंगळावरील स्वारीच्या कादंबरीचें नभोनाट्य त्याच्या मंडळीनें सी. बी. एस. वर सादर केलें. नृत्यसंगीत चाललें आहे, तें तोडून वार्ता येते. पुन्हां संगीत, पुन्हां वार्ता. मग न्यू जर्सींतल्या एका खेड्यांतून बातमीदार बोलूं लागतो, आणि बोलतां बोलतां एकाएकीं शांतता. आदल्या वर्षीं हिंडेनबर्ग नांवाचें जर्मन हवाईजहाज जळून कोसळलें, त्या वेळीं हर्बर्ट मॉरिसन या बातमीदाराचा कंठ कसा दाटून आला, त्याची ध्वनिमुद्रिका बातमीदाराचें काम करणाऱ्या नटानें पुनःपुन्हां ऐकली होती. खऱ्या शोकाचा आवाज असा खोट्या वृत्तांत उतरविला गेला. हें नाटक आहे असें आरंभीं, मध्यंतरीं आणि शेवटीं सांगण्यांत आलें. तरी ज्यांनीं दुसऱ्या केंद्रावरचा लोकप्रिय कार्यक्रम सोडून मध्येंच कान लावला, त्यांस आरंभींची सूचना मिळाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं देशभर हाहाकार उडाल्याचें छापलें. अलीकडील संशोधकांचें मत असें आहे कीं, कांहीं लोक खरोखर घाबरले, परंतु देशव्यापी हाहाकाराची कथा वर्तमानपत्रांनीं फुगविली. नाटकाचें सोंग रात्रींच संपलें. त्याविषयींची अतिशयोक्ति मात्र वर्षानुवर्षें इतिहास म्हणून चालली. विद्यार्थ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

चित्रवाणीचें युग आल्यावर १ एप्रिल १९५७ रोजीं बी. बी. सी. च्या ‘पॅनोरामा’ या प्रतिष्ठित कार्यक्रमांत एक लहानसें चित्र दाखविण्यांत आलें. इटालियन लोक ज्या लांब शेवया खातात, ज्यांस स्पॅगेटी म्हणतात, त्यांचें स्वित्झर्लंडमधील तिचिनो भागांतलें पीक यंदा उत्तम आलें आहे, असें रिचर्ड डिंबल्बी यांनीं आपल्या धीरगंभीर वाणीनें सांगितलें. झाडांवरून शेवया लोंबत आहेत आणि बायका त्या तोडून टोपल्यांत भरीत आहेत. हिंवाळा सौम्य होता, शिवाय पिकावर पडणारी कीड यंदा नाहींशी झाली, अशीं कारणेंही देण्यांत आलीं. आपल्या घरीं उन्हाळ्यांत शेवया वळून काठीवर वाळत घातलेल्या ज्यानें पाहिल्या आहेत, त्याला हंसूं येईल. परंतु इंग्लंडांत त्या काळीं हा पदार्थ घरोघर झालेला नव्हता. शेंकडों लोकांनीं चौकशी केली, आणि कित्येकांनीं झाड कसें लावावें हें विचारलें. ही कल्पना छायाचित्रकार चार्ल्स द येगर याची. शाळेंत असतांना त्याचे मास्तर म्हणत कीं, शेवया झाडाला लागतात असें सांगितलें तरी तुम्हीं मठ्ठ मुलें विश्वास ठेवाल! मास्तरांच्या टोमण्यांतून असेंही कांहीं निपजतें.

या तीन मिनिटांच्या चित्रांत तंत्राचे दोन धडे आहेत. पहिला असा कीं, विश्वास बसला तो शेवयांवर नव्हे, डिंबल्बींच्या आवाजावर. राजघराण्याचे समारंभ ज्या आवाजानें वर्णन केले, तो आवाज खोटें कसें बोलेल? दुसरा धडा, मुख्य थाप एकच ठेवावी आणि तिच्याभोंवतींचें सर्व खरें असावें. तिचिनो खरा, ऋतु खरा, झाडें खरीं, टोपल्या खऱ्या. खोटें फक्त फळ. आणि येथें मुजरा होता तो तारखेचा. एप्रिलची पहिली तारीख हीच किल्ली.

यानंतर यंत्रांनींच युग पालटलें. १९६० च्या सुमारास हातीं धरून चालतां येईल असा हलका कॅमेरा आणि खांद्यास अडकवितां येईल असें कुडेल्स्की यांचें नाग्रा ध्वनिमुद्रण यंत्र, यांची जोडी जमली. त्याच वर्षीं रॉबर्ट ड्रू व त्यांचे सहकारी यांनीं केनेडी व हम्फ्री यांच्या निवडणुकीच्या धांवपळीमागें धांवत ‘प्रायमरी’ नांवाचा चित्रपट घेतला. तेव्हांपासून हलणारें चित्र, मध्येंच पुसट होणारी दृष्टि, अर्धवट ऐकूं येणारें वाक्य, हीं सत्याचीं लक्षणें ठरलीं. पूर्वीं सत्य म्हणजे गंभीर निवेदक. आतां सत्य म्हणजे थरथरणारा हात. सोंग घेणाऱ्यांनींही लागलीच आपला वेष बदलला.

त्यांत पीटर वॉटकिन्स या इंग्रज दिग्दर्शकाचें नांव आदरानें घ्यावें लागेल. स्कॉटलंडमधील कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ रोजीं झाली. वॉटकिन्सनें १९६४ सालीं तिचें चित्र असें काढलें कीं, जणुं चित्रवाणीचे बातमीदारच त्या रणांगणावर हिंडत आहेत. गांवचे साधे लोक शिपाई झाले. चिखलानें भरलेला सैनिक कॅमेऱ्याकडे पाहून आपली भूक आणि आपली मजुरी सांगतो. सन १७४६ मध्यें कॅमेरा नव्हता, हें पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक; म्हणून येथें फसवणुकीचा प्रश्नच नाहीं, आणि तरीही त्या शिपायाचें दुःख थेट काळजास भिडतें. पुढल्याच वर्षीं त्यानें ‘द वॉर गेम’ केला. इंग्लंडवर अणुबाँब पडला तर केंट परगण्यांत काय होईल, याचें तें चित्र. ड्रेस्डेन, हिरोशिमा येथें जें खरोखर घडलें त्याच्या आधारानें तें रचलेलें होतें, आणि ‘असें होऊं शकेल’ या भाषेचा आधार निवेदकानें घेतला होता. बी. बी. सी. नें तें फार भयंकर म्हणून प्रक्षेपित करण्याचें नाकारलें. चित्रवाणीवर तें १९८५ पर्यंत आलें नाहीं. दरम्यान चित्रपटगृहांत तें दाखविलें गेलें, आणि १९६७ सालीं त्यास अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिक मिळालें तें उत्कृष्ट अनुबोधपट म्हणून! जी घटना घडलीच नाहीं, तिच्या चित्रास सत्यचित्राचा मान. माझ्या मतें त्या परीक्षकांची चूक झाली असें म्हणवत नाहीं. तेथें सोंग लोकांना फसविण्यासाठीं नव्हतें. झांकून ठेवलेला प्रश्न उघडा करण्यासाठीं होतें.

अल्प भांडवलांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांस १९६७ सालचा ‘डेव्हिड होल्झमन्स डायरी’ हा चित्रपट उपयोगी पडेल. जिम मॅकब्राइड यानें तो सुमारें अडीच हजार डॉलरांत केला. एक तरुण आपलेंच आयुष्य रोज चित्रित करूं लागतो. त्यांतून त्यास सत्य सांपडेल अशी त्याची आशा. सांपडत कांहींच नाहीं; प्रेयसी मात्र चिडून सोडून जाते. शेवटीं नामावळी येते आणि तिच्यांत डेव्हिडचें काम करणाऱ्या नटाचें नांव वाचून प्रेक्षक चमकतो. येथें मुजरा अगदीं अखेरच्या क्षणीं आहे. तो न वाचतां उठून गेलेला मनुष्य फसूनच घरीं जाणार.

पुढें विनोदानें हें तंत्र आपलेंसें केलें. वुडी ॲलन यांच्या १९८३ सालच्या ‘झेलिग’ मध्यें एक मनुष्य ज्याच्या शेजारीं बसेल त्याच्यासारखा होतो. १९२० च्या दशकांतील दृश्यांत तो मिसळावा म्हणून छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनीं जुनीं भिंगें वापरलीं, आणि फीत मुद्दाम चुरगळून, तुडवून तिच्यावर ओरखडे पाडले. आणि सुसान सोंटॅग, सॉल बेलो यांच्यासारख्या खऱ्या विद्वानांस समोर बसवून त्या खोट्या मनुष्यावर गंभीरपणें बोलावयास लाविलें. १९८४ सालीं रॉब रायनर यांचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ आला. त्यांत एका वादकमंडळीच्या दौऱ्याची कथा आहे. नटांस संवाद लिहून दिले नव्हते. प्रसंगाचा आराखडा तेवढा दिला, आणि बोलणें ज्याचें त्यानें रचलें. शिवाय तीं गाणीं ते नट स्वतः वाजवीत होते. परिणाम असा झाला कीं, कित्येकांना ती मंडळी खरीच वाटली. त्यांतील एक वादक मोठ्या अभिमानानें दाखवितो कीं, इतरांच्या यंत्राची आवाजाची कळ दहापर्यंत जाते, आमची अकरापर्यंत. मग दहालाच अधिक मोठा आवाज कां देत नाहीं, या प्रश्नावर तो निरुत्तर होतो. ‘मॉक्युमेंटरी’ हा शब्द लोकांच्या तोंडीं बसला, तो याच चित्रपटामुळें.

इतिहासाच्या अभ्यासकास सर्वांत बोधप्रद वाटेल तो मात्र न्यूझीलंडमधील ‘फरगॉटन सिल्व्हर’. पीटर जॅक्सन व कोस्टा बोट्स यांनीं केलेला हा चित्रपट ऑक्टोबर १९९५ मध्यें तेथील चित्रवाणीवर लागला. कॉलिन मॅकेंझी नांवाचा एक विस्मृत चित्रपटकार होऊन गेला, त्याच्या फिती बागेंतल्या खोलींत सांपडल्या, अशी ती कथा. मॅकेंझी मुळींच झाला नव्हता. पण रिचर्ड पिअर्स हा त्या देशांतला विमानाचा खरा प्रयोगकर्ता. राइट बंधूंच्या आधीं त्यानें उड्डाण केलें अशी तेथें दंतकथा आहे. चित्रपटांत त्याचें उड्डाण दिसतें, आणि जवळच्या माणसाच्या खिशांतलें वर्तमानपत्र मोठें करून तारीख वाचली जाते: मार्च १९०३! पुराव्याचा असा बारीक तपशील पाहून भलेभले गार झाले. एका लहान राष्ट्राला जें ऐकावेंसें वाटत होतें, तेंच त्यांत होतें. दुसऱ्या दिवशीं उलगडा झाला तेव्हां कांहींजण मनमुराद हंसले. परंतु रागाचीं पत्रें लिहिणारेही पुष्कळ निघाले. त्यांचा राग मला समजतो. कोणी बुद्धीस फसविलें तर मनुष्य हंसतो. अभिमानास फसविलें तर तो दुखावतो.

आणखी चार वर्षांनीं, १९९९ सालीं, ‘द ब्लेअर विच प्रॉजेक्ट’ आला. फ्लॉरिडांतील विद्यापीठांत एकत्र शिकलेल्या डॅनियल मिरिक व एद्वार्दो सांचेझ यांचा हा चित्रपट. तीन विद्यार्थी चेटकिणीच्या दंतकथेचा अनुबोधपट करावयास मेरीलंडच्या रानांत जातात व नाहींसे होतात. मागें राहिलेल्या त्यांच्या फिती म्हणजेच हा चित्रपट. चित्रण आठ दिवसांत झालें, आणि कॅमेरे नटांच्याच हातीं होते. रोज ठराविक ठिकाणीं त्यांच्यासाठीं चिठ्ठ्या ठेवीत. एकाच्या चिठ्ठींत काय आहे, तें दुसऱ्यास ठाऊक नसे. दिवसेंदिवस अन्नही कमी करीत गेले. म्हणून त्यांची चीड व थकवा हा बराचसा खराच आहे. परंतु चित्रपटाबाहेरही सोंग चालूच राहिलें. नटांचीं खरीं नांवें पात्रांस दिलेलीं. त्यांचा शोध घ्यावा अशीं पत्रकें लावलेलीं. इंटरनेटवर खोटा तपास मांडलेला. शेवटीं त्यांतील एका नटीच्या आईस लोकांकडून सांत्वनपर पत्रें आलीं. पैसा अपार मिळाला; परंतु बहुरूपी ज्या दारांत मुजरा करावयास विसरला, त्या दारांत एक आई उभी होती, हें विसरतां येत नाहीं.

आतां हा सारा वृत्तान्त विद्यार्थ्यांच्या कामीं कसा यावा? माझ्या अल्पमतीप्रमाणें त्यांनीं सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा: आज माझ्या गांवांतला, माझ्या घरांतला मनुष्य कशावर विश्वास ठेवतो? १८९८ सालीं धूसर चित्रावर ठेवला, १९३८ सालीं तुटक वार्तेवर, १९५७ सालीं धीरगंभीर आवाजावर, १९६० नंतर थरथरत्या कॅमेऱ्यावर. आज तो कदाचित् खिशांतल्या दूरध्वनीवर आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रावर ठेवीत असेल. त्या विश्वासाचें रूप नीट न्याहाळून मगच त्याचें सोंग घ्यावें. जुन्या सोंगाची नुसती नक्कल केली, तर पात्रांतलीं जहाजेंच हातीं येतील.

पुढची गोष्ट, कॅमेरा कोणाच्या हातांत आहे आणि तो मनुष्य चित्रण कां करीत आहे, हें कागदावर लिहून काढावें. घाबरलेला मनुष्य पळतांना कॅमेरा कां टाकून देत नाहीं, याचें उत्तर पाहिजे. चित्र हललें तर तें हलण्याचें कारण पाहिजे; उगाच हलविलेलें चित्र सोंग उघडें पाडतें. संवाद पाठ करून घेऊं नयेत. पात्राचें पूर्वायुष्य नटास सांगावें आणि मुलाखतींत प्रश्न विचारावे. मग तो अडखळेल, वाक्य अर्धें सोडील, आणि तें अडखळणें लिहून देण्यापेक्षां सरस असेल. खरी जागा, खरें वर्तमानपत्र, खऱ्या ऋतूचा उजेड वापरावा, आणि मुख्य कल्पित गोष्ट एकच ठेवावी. या सर्वांस पैसा फार लागत नाहीं, विचार लागतो.

आणि शेवटची गोष्ट मुजऱ्याची. तो कोठें करावयाचा, हें चित्रण सुरू करण्यापूर्वींच ठरवावें. तो तारखेंत असेल, निवेदकाच्या भाषेंत असेल, कडेच्या धुरांत असेल किंवा नामावळींत असेल. पण सावध प्रेक्षकास सांपडेल असा असावा. ज्या खऱ्या माणसांस चित्रांत घ्यावयाचें, त्यांना हें सोंग आहे हें आधीं सांगून त्यांची संमति घ्यावी. एखाद्या जातीचें, धर्माचें, गांवाचें किंवा जिवंत व्यक्तीचें नांव खोट्या पुराव्यांत गोंवूं नये. कारण चित्रफितीचा तुकडा कापून कोणी पुढें धाडला, म्हणजे मुजरा मागें राहतो आणि वॉरंट तेवढें गांवभर फिरतें.

आज यंत्रें न घडलेल्या घटनेचें चित्र क्षणांत रचून देतात. माणसाचा चेहरा आणि आवाजही उचलतात. अशा काळांत सोंगपट कां करावा, असें कोणी विचारील. मला वाटतें, अशाच काळांत तो करावा. शाळेंत आम्हीं मुलांस नाणें खरें कीं खोटें हें शिकवीत असूं, तेव्हां खोटें नाणें हातांत द्यावेंच लागे. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय खऱ्याचा खणखणीतपणा कळत नाहीं. चांगला सोंगपट पाहून उठलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं वार्ता ऐकतांना क्षणभर थांबतो आणि विचारतो: हें सांगतो कोण, त्यास कसें कळलें, आणि मला हें खरें वाटावें अशी इच्छा मुळांत कोणाची? हे तीन प्रश्न एका विद्यार्थ्याच्या दहा मिनिटांच्या चित्रानें चार माणसांस विचारावयास लाविले, तर त्याचे श्रम सार्थकीं लागले असें मी म्हणेन.